विशेषणाची जागा

विट्यात, मायणी रस्त्याला,
यंत्रमागांच्या खडखडाटात
सात ते आठ मी इंग्रजी शिकवतो.
पाच बायका, एक फळा,
आणि मागांवरून उडणाऱ्या कापसासारखा
सगळ्यांच्या केसांवर बसणारा खडू.
बहुतेकींचे नवरे गलाईला,
कुणाचा सेलमला, कुणाचा वरंगळला.
तिकडे जायचं तर
यांची हिंदीसुद्धा पुरत नाही.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
सिंग अ साँग. ड्रीम अ ड्रीम. लिव्ह अ लाइफ.
म्हटलं, बघा, क्रियापदाच्या पोटातलंच नाम
बाहेर येऊन त्याचं कर्म होऊन बसतं.
कुणी काही बोललं नाही.
मग गिरणीवाली शेवंता तुपे म्हणाली,
"दळण दळायचं. तसंच ना?"

आणि मग थांबेनात.
धुणं धुतलं, शिवण शिवलं,
सारवण सारवलं, जेवण जेवले
(सगळ्यांच्या मागून, रुक्साना मुजावर म्हणाली),
भांडण भांडलं, परत दळण.
मी खडू खाली ठेवला.
हायस्कुलात सत्तावीस वर्षं घोकून घेतलेला नियम
यांच्या तळहातांना घट्टे पडून ठाऊक होता.

माझ्याकडे सांगायला उरलं ते इतकंच,
की इंग्रजीत हे नाम उगाच येत नाही.
ती खुंटी असते, विशेषण अडकवायला.
नुसतं 'हसला' म्हटलं की संपलं.
'कसनुसं हसू हसला' म्हटलं
की माणूस दारात उभा राहतो.

"आणि हे खालचं?" उज्वलानं विचारलं.
डाय अ डेथ.
तिचा नवरा फेब्रुवारीत गेला, सेलमला, भट्टीपाशी.
दुकान आता तिच्या नावावर,
बँकेशी बोलायचं म्हणून वर्गाला येते.
"मेला म्हटलं की कळतंय की.
परत मरण कशाला?"
मी पुस्तकातलं उत्तर दिलं:
कसं मरण, ते सांगायला.
देता देताच कळलं, द्यायला नको होतं.
"कसं, ते कुणी सांगितलंच नाही," म्हणाली,
आणि वहीतली एक ओळ कोरी सोडली.

सोमवारी वह्या तपासल्या.
तिचं एकच वाक्य, पेन्सिलनं:
आय स्लेप्ट अ स्लीप.
सवयीनं लाल गोल केला,
समासात लिहिलं, 'विशेषण?'
तिनं ते उभ्यानंच वाचलं.
"लागली, सर. कशी, ते नका विचारू."

मी वही परत मागून घेतली.
लाल शाई खोडरबरानं जात नाही.
तरी घासत बसलो,
कागद विरेपर्यंत.