आकडा लहान, तार जाड

नाना पेठेत गाळा आमचा, आठ बाय अकरा,
गाडी अर्धी आत, अर्धी रस्त्यात.
कोंडाळकर आला तो खोकं काखेत मारूनच.
खोक्यावर छापलेलं : तीन हजार वॉट.
म्हटलं, छापायला काय, शाई लागते.
पुस्तिकेतलं बारीक अक्षर वाचलं :
सहाशे. तेही इंजिन चालू असेल तर.

तार पण आणली होती त्यानं,
तापकीर गल्लीतून, लालचुटूक, बोटाएवढी,
साडेसातशेत अख्खा संच.
ब्लेडनं टोक सोललं.
साल बोटाएवढं,
आतला जीव उदबत्तीच्या काडीएवढा,
तोही खरवडला तर पांढरा.
ॲल्युमिनियम. वरून तांब्याचं नुसतं पाणी.
तो गप्प.
इलियासनं चहा पुढं केला.

बघ, म्हटलं, आमच्याकडं मोजणी उलटी.
आठ नंबर बारीक, चार नंबर जाड,
आणि भल्या जाडजूड तारेला म्हणतात शून्य.
शाळेत हाच नियम असता
तर माझं प्रगतिपुस्तक
आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं असतं.

सहाशे वॉट, उष्णतेत जातं ते वेगळं,
म्हणजे धर पंचावन्न अँपियर.
बॅटरी पुढं, डिकी मागं,
मॅटखालून, सीटच्या कडेनं, वळणं घेत
सतरा फूट.
एवढ्या वाटेत करंटही दमतो, माणसासारखा.
आठ नंबर चालेल.
चालतं तसं सगळंच.
फक्त दर ठोक्याला हेडलाइट डोळे मिचकावणार,
आणि चौकातला हवालदार म्हणणार
हा मलाच खुणावतोय.

चार नंबर घे. अस्सल तांबं. फुटाला एकशे चाळीस.

"आवाजाचे पैसे देतोय मी," तो म्हणाला,
"तारेचे कशाला?"
हा प्रश्न आठवड्यातून चारदा येतो.
उत्तर पाठ आहे माझं. तोंड उघडणार,
तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं :
"काय म्हणतोय तो?"

मला वाटलेलं गाडी रिकामी आहे.

भोसरीत पॉवर प्रेसवर एकतीस वर्षं, वडील.
"वरचं सगळं गेलंय," कोंडाळकर म्हणाला,
उगाचच हळू आवाजात.
"बासरी गेली. पोरीचा आवाज गेला माझ्या.
कानातल्या मशिनीत नुसती शिट्टी येते म्हणतात.
डग्गा तेवढा उरलाय."

भाव मी कमी केला नाही.
खोटं कशाला सांगू, शेठ समोर बसले होते.
पण तार जरा वेगळ्या हातानं ओढली त्या दिवशी.
बॅटरीपासून एका वितीवर फ्यूज,
तो तारेसाठी, यंत्रासाठी नव्हे;
तार पेटली तर गाडीच जाते.
डिकीच्या तळाचा रंग घासून काढला,
पत्रा आरशासारखा होईस्तोवर,
आणि ग्राउंडला तितकीच जाड तार कसली.
यायला महादरवाजा आणि परतायला दिंडी,
असं नाही चालत. विजेचंही.

मग पेन ड्राइव्ह लावला.
जुनी कॅसेट उतरवून घेतलेली, कुठल्याशा भजनी मंडळाची,
खरखर, खोकला, मध्येच कुणाची तरी हाक,
आणि खाली तबला-डग्गा.
इंजिन चालू, हेडलाइट लावलेले.
मी पुढं जाऊन दिव्यांकडं बघत उभा.
घुमारा आला की गाळ्याचं शटर थरथरायचं.
दिवे नाही मिचकावले. एकदाही नाही.

म्हाताऱ्यानं पुढच्या सीटच्या पाठीला तळवा लावलेला,
दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर.
अचानक बोटं थांबली.
"इथं," ते ओरडले, सगळी गल्ली ऐकेल असं,
"इथं सम चुकलो होतो मी!"
आणि हसले.

इलियासनं उरलेला तुकडा खिळ्याला टांगला.
सव्वा फूट.
त्याचेही पैसे लावले बिलात.