सव्वासहा नंबर

डोरीनच्या हातमोज्यांवर आतून शिक्का आहे: सव्वासहा.
माझा हात साडेसातचा.
म्हणजे ती सांगायची तसे,
हातात घालून, कोमट पाण्यात
नुसते हात धुतल्यासारखे धुणं
मला जमणार नाही.

येओव्हिलमध्ये तीन दिवस ऊन नाही.
खिडकीखालचा हीटर तापलाय.
त्याच्यावर नको, म्हणाली असती, पापड होईल.
नाही, पापड माझा शब्द. ती टोस्ट म्हणायची.

आधी शिळ्या पावाच्या गरानं मळ टिपला.
तळव्यावरच्या तेलकट डागावर
कॉर्नफ्लोअर थापून रात्रभर ठेवलं.
मनगटाशी मिठाचा पांढरा काठ,
जानेवारीत ती चर्चच्या उतारावर घसरली तेव्हाचा.
पाण्यात चार थेंब व्हिनेगर, सुती चिंधी, हलका हात.

बत्तीस वर्षं घरी बसून ती बोटं शिवत होती,
डझनाच्या भावानं.
दोन बोटांमधली ती अरुंद पट्टी
तिला अंधारातही लावता यायची.

आई चपलांच्या वेण्या घालायची, जोडाच्या भावानं.
बाभळीच्या सालीचा वास
माझ्या वह्यांना यायचा.
बाकावरची मुलगी सरकून बसायची.
पुढे कुणी विचारलं की
मी म्हणायचे, वडिलांचा बिझनेस होता.

डोरीनपाशी मात्र एकदा बोलून गेले.
तिनं दयेनं वगैरे बघितलं नाही.
विचारलं, सालीत किती दिवस ठेवायचे?
मला आकडा आठवेना. आईला फोन लावला.
तासभर दोघी बोलत बसल्या,
मधे मी,
हिरड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत.

आता एकेका बोटात फुंकर घालते.
बोट ताठ उभं राहतं, मग मान टाकतं.
करंगळी सगळ्यात हट्टी.

ओलसर असतानाच ओढून ओढून मऊ करायचे.
मग तेल.
आई म्हणते, लावू नको, पाज.
पितंय तोवर पाज.

शनिवारी आश्रमात नेऊन देईन.
सांधे सुजलेत तिचे,
सव्वासहा आता तिलाही होत नाहीत.
मांडीवर ठेवते नुसते.
आधी वास घेईल,
मग बोट उलटं करून शिवण बघेल,
आणि खिडकीकडे धरून म्हणेल,
तेल जास्त झालं.