कडी

रविवार कारंजावरच्या दुकानात विचारलं,
आतून लागणारी कडी आहे का, साधी?
तो म्हणाला, बाथरूमची की देवघराची?
म्हटलं, शाळेची.
त्यानं चार स्क्रू मोजून वेगळे पुडीत बांधले.
पंचेचाळीस रुपये.

अकराची बैठक.
मुंबईहून, पुण्याहून आलेले साहेब,
प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली
आणि विद्यार्थी आरोग्य धोरणाचा मसुदा, पानं बेचाळीस.
पान एकोणीसवर 'पाण्याची घंटा':
दिवसातून तीनदा वाजेल, विद्यार्थी पाणी पितील.

माझी पाळी आली तेव्हा दोन वाजून गेले होते.
मी पेठ तालुक्यातली, शाळा तपासत फिरणारी नर्स.
कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं,
'क्षेत्रीय अनुभव, दहा मिनिटे' एवढंच होतं.
म्हटलं, साहेब, घंटा आमच्याकडे वाजते.
मुलगे पितात.
मुली बाटलीला ओठ लावतात, तोंड पुसतात,
बाटलीतली रेघ हलत नाही.

जानकी भोये, सहावी.
मार्चात तिसऱ्यांदा ताप, लघवीला जळजळ,
हजेरीपटावर अकरा गैरहजेऱ्या.
पाणी का पीत नाहीस गं?
म्हणाली, मी कडी आहे ना, बाई.
मला काही कळेना.
मधल्या सुट्टीत मागच्या अंगाला गेले
तर ही दाराला पाठ लावून उभी, टाचा मातीत रोवून.
आत एक जण, रांगेत सात जणी,
कुंपणापलीकडून पत्र्यावर खडे मारणारी पोरं.
उंच म्हणून हिला निवडलेलं.
सगळ्यांचं होईस्तोवर तास भरतो.
आणि कडीसाठी कोण उभं राहणार?

हॉलमध्ये कुणीतरी एसी कमी केला.
मी पर्समधून कडी काढून मसुद्यावर ठेवली.
पाटोळे साहेबांनी उचलली,
सरकवली. पुन्हा सरकवली. खट्. खट्.
लेखाशीर्ष कोणतं, एकानं विचारलं.
दुसरा म्हणाला, 'पुरेशी स्वच्छतागृहे' यात येतंच की ते.
नाही येत, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
भिंत येते. दार येतं. उद्घाटनाचा फोटो येतो.

चारच्या सुमारास पडद्यावर एक ओळ उमटली:
मुलींच्या स्वच्छतागृहास आतून कडी असावी, यथाशक्य.
त्या शेवटच्या शब्दाकडे मी बघत राहिले.
टायपिंगला बसलेल्या मुलीनं माझ्याकडे बघितलं,
मग साहेबांकडे.
साहेबांनी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, कुणालाच कळलं नाही.
कर्सर त्या शब्दाच्या शेपटाशी लुकलुकत राहिला
आणि चहा आला.

माझ्यापुढची बाटली मी पूर्ण प्यायले होते.
तिथलं दार लागत होतं.

पेठच्या गाडीत सावळघाटाच्या वळणावर आठवलं,
कडी तिथंच राहिली.

सोमवारी जानकीनं विचारलं, आणली?
म्हटलं, साहेबांच्या टेबलावर आहे,
कागद उडू नयेत म्हणून.
तिला ते पटल्यासारखं वाटलं.
मग म्हणाली, आणि स्क्रू?

पुडी पर्सच्या तळाशी सापडली.
तिनं सोडली, तळहातावर चारही मोजले,
दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवले.
तेवढ्यात घंटा झाली, पाण्याची,
आणि ती पळाली, दाराकडे,
टाचा रोवायला.