पाव आटा

अकनाझर पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवतो.
त्याआधी नखानं खरवडलेलं
कारखान्याचं लाखेचं सील
अजून त्याच्या बोटाला लाल.

"आणखी थोडा," मी म्हणते.
"डिझेल वाढेल गं. हवा कुठून आणशील?
या उंचीवर आपल्यालाच पुरत नाही."

मुर्गाबच्या चढाला ही पजेरो
काळं ओकते, लादलेल्या याकासारखी अडते.
मागं पिठाची पोती, सहा माणसं;
एकदा सवरिनिसो, कळा देत.
त्या रात्री मी गाडीला दिलेल्या शिव्या
आई आजही काढते.

"रेस कर."
तो टर्बोच्या नळीवर साबणाचं पाणी सोडतो.
क्लॅम्पखाली एक फुगा
येतो, फुटतो.
पुन्हा येतो.

"बघ, इथून चालली होती तुझी ताकद."
"नळी बदल," मी म्हणते.
"पाव आटा मात्र राहू दे."