पावती क्रमांक ५१०५१०

अल्लीपूर रोडच्या धर्मकाट्यावर
वजन दहाच्या पाढ्यात चालतं.
तीन हजार आठशे चाळीस, तीन हजार आठशे पन्नास,
मधला किलो काट्याला दिसत नाही.
पावतीचा नंबर मात्र एकेकानंच सरकतो.
जिनिंग सहा महिने बंद राहिली
तरी जिथं थांबला होता तिथूनच.

पोळ्यापासून मी वहीत मोजत आले:
सीझनमध्ये दिवसाच्या अडीचशे गाड्या,
रविवारी साठ, बाजार बंद तर चार-दोन.
तारीख निघाली, रात्रपाळी निघाली.
उज्ज्वलाला म्हटलं, तुझी रात्र मला दे.
तिला वाटलं, माझं कोणाशी तरी सुरू झालं.

पाच लाख दहा हजार पाचशे दहा.
नुसतं म्हणून पाहा: पाच दहा, पाच दहा,
बंडीच्या चाकात काही सैल असलं
की दर फेऱ्याला तसंच वाजतं.

मेश्राम सर सांगायचे,
कोणतेही तीन आकडे घ्या, तेच पुन्हा पुढे मांडा,
झालं, एक हजार एकनं गुणलं तुम्ही;
आणि एक हजार एकच्या पोटात
सात, अकरा, तेरा गुमान बसलेले.
उरले पाचशे दहा. तेही फोडले
तर दोन, तीन, पाच, आणि मागून सतरा.
मूळ संख्यांतले पहिले सात, ओळीनं, एकेकदाच.
चारनं जात नाही, नऊनं जात नाही,
पंचवीसनं नाही.
या पंगतीत कोणी दोनदा बसलेलं नाही.

सतरा सोडून सहाच गुणले तर तीस हजार तीस.
ती पावती कोणाच्या बंडीला गेली, आठवण नाही कोणाला.
बाबा तेव्हा इथंच हमाल होते,
अंगठा उठवायचे, आकडा पाहत नसत.
आणि एकोणीसला आणून शेजारी बसवलं
तर शहाण्णव लाखांच्या वर;
या यंत्राला घरं सहाच.
म्हणजे माझ्या वाट्याला ही एक.

पावणेतीनला आली
प्रल्हाद भोयरची गाडी, ताडपत्रीवर दव.
बटण दाबलं. कागद करकरत निघाला.
"काहून हासून राह्यली वो ताई?"
म्हटलं, भाऊ, ही पावती दोननं जाते,
तीननं जाते, पाचनं, सातनं...
"जाते तं जाऊ दे ना. कटती किती लावली ते सांग."
आणि तिची घडी करून
खर्ऱ्याच्या पुडीसोबत खिशात.

गुलाबी प्रत माझ्याकडे राहिली.

मग पुढची, पाचशे अकरा शेवटाची.
ड्रायव्हर चहाला गेलेला, मी भागत बसले.
दोननं, बाकी एक. तीननं, बाकी एक.
पाच, सात, अकरा, तेरा,
सतरानंही, बाकी एक.
सातही घरांनी दारातूनच परत लावलं
हातावर एकेक ठेवून.
वाटलं, हिचं कोणीच नाही, ही स्वतःच मूळ.
वहीत लिहूनही टाकलं.

मग उगीच एकोणीसनं भागून पाहिलं,
थंडीनं बोटं आखडलेली,
सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर,
बाकी शून्य.
त्याच्याही आत सत्त्याण्णव, आणि दोनशे सत्त्याहत्तर.
कधी नाव न ऐकलेल्या गावचे सोयरे.

हॉर्न वाजला.
लिहिलेलं खोडलं.
काट्यावर पुढचं चाक चढलं,
लाल आकडे थरथरले बराच वेळ
आणि नेहमीसारखे
शून्यावर टेकले.