चुल्पी

वळणावर, जिथे आंद्येसचा रस्ता एकदा दम खातो,
तिथे एर्मेलिंदाची चूल.
मातीचं भांडं, तोंड पोटाच्या एका बाजूला,
कुंभार ते वर करायचंच विसरल्यासारखं.

ह्या मक्याचं नाव चुल्पी.
छपराखाली टांगून ठेवतात कणसं,
दाण्यादाण्याला सुरकुती पडेस्तोवर.
मग चरबीचं बोट, गवताची जुडी,
आणि हात थांबवायचा नाही.

लाही नव्हे ही.
लाही म्हणजे आदळआपट, आतलं सगळं बाहेर,
पांढरं, हलकं, फुंकरीसरशी उडणारं.
चुल्पी राग गिळते.
एकदाच, आतल्या आत, तड्
आणि सुरकुती भरून येते,
पाठ तांबूस, कडेला एक काळा ठिपका.

हे पहिल्यांदा कुणी केलं, मी विचारलं.
"कुणीतरी विसराळू," ती म्हणाली.
"दाणे राहिले चुलीवर, लामा सुटला, बाई त्याच्यामागे.
शोध कसला लावतोय आम्ही?
करपलेलं टाकवत नाही, खाऊन बघतो."

तिच्या तोंडात दात चारच,
तेही एकमेकांना न भेटणारे.
आमच्याकडे म्हण आहे, दातांची आणि चण्यांची.
ओठांवर आली होती. गिळली.

प्रत्येक घाण्यातला पहिला दाणा अबुंदियोचा,
कुस्कोच्या बसचा तो ड्रायव्हर.
तो चावतो, ती मान कलती करून ऐकते.
कडक वाजलं की झालं.
बोदं वाजलं की अजून दोन काटक्या.
बावीस वर्षं ती त्याच्या दाढांनी चव घेते आहे.

त्या दिवशी मात्र अबुंदियोच्या गालाला रुमाल,
दाढ सुजलेली, बोलणंही हातवाऱ्यांनी.
घाणा उतरायला आलेला.
ती रांगेतली तोंडं बघत गेली
(माझ्यावरून नजर न थांबता पुढे सरकली)
आणि शेवटी दाणा दिला युदितला,
सहा वर्षांची, नाक वाहतंय, आईच्या घोंगडीआड.

युदित चावली.
आवाज आला. लगेच दुसरा.
तिनं तळहातावर थुंकलं:
अर्धा दाणा, एक दुधाचा दात,
आणि थोडं लाल.

आई धावली. बसनं हॉर्न दिला.
एर्मेलिंदा गुडघ्यांवर वाकली,
जुडी तशीच फिरवत,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
"आधी कोण वाजलं?"

युदितनं जीभ खिंडारात घालून पाहिली.
विचार केला.
"दाणा."

"मग झालंय," ती म्हणाली,
आणि मीठ टाकलं.