हिंगोली–हॅलिफॅक्स : मोजणीचं टिपण

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे तिचे,
एका टोकाला मी, दुसऱ्याला गफूरभाई.
तो धुऱ्यावरून ओरडायचा, "ताणा साहेब!"
मी ताणायचो.
साखळीत झोल राहिला
की भाऊ भावाला कोर्टात नेतो.

परवा दुपारच्या बसनं मंजूषा गेली.
फोन म्हणतो, अकरा हजार आठशे तीस किलोमीटर,
सरळ उडालं तर चौदा तास.
सरळ कोण उडतं?
आधी हैदराबाद, मग फ्रँकफर्ट, मग टोरांटो,
थांबे धरून एक्केचाळीस तास.
वारंगा फाट्यावर ड्रायव्हर चहाला उतरला,
तो अर्धा तासही यातच.

पेन्सिल काढली. जुनी खोड.
किलोमीटर मोडून साखळ्या केल्या:
पावणेबारा लाख, वर हजारएक.
दिवसाला दोनशे धरल्या
तर मला नि गफूरभाईला
एकही रविवार न घेता सोळा वर्षं.
आणि मधे समुद्र.
समुद्रात खुंटी कशात ठोकायची?

ही मेथी निवडता निवडता विचारते,
"कुठवर गेलं इमान?"
"कॅस्पियनवरून जायलंय."
"त्ये कुठं आलं?"
"लई पुढं."
दहा मिनिटांनी पुन्हा तेच.
मी दर वेळी नवा देश सांगतो.
पडद्यावरचं ते पिवळं विमान
माझ्या नखाएवढंही सरकलेलं नसतं.

सातवीत होती, तेव्हा एकदा
सेनगावकडच्या मोजणीला सोबत आली.
गफूरभाईला ताप.
म्हणाली, मी धरते ते टोक.
आणि असं ओढलं कार्टीनं
की मी तोंडावर ढेकळांत.
दोन्ही पार्ट्या भांडण विसरून हसल्या.
"तुम्हीच म्हणालात ना, ताण म्हणून!"
टोक मात्र सोडलं नव्हतं तिनं.

आज पहाटे पावणेपाचला
'पोचले' आलं, खाली बर्फाच्या ढिगाऱ्याचा फोटो.
तिकडं कालची संध्याकाळ, सव्वासात.
साडेनऊ तास ती माझ्या मागं
आणि तरी केवढी पुढं.
हा हिशेब साखळीत बसत नाही.

टिपण पुरं करावं म्हणून
घराची चतुःसीमा लिहिली:
पूर्वेला मुंदड्यांचा प्लॉट,
दक्षिणेला नाली,
उत्तरेला नगरपालिकेचा रस्ता,
पश्चिमेला मोजणी बाकी.

नमाज आटोपून गफूरभाईचा फोन.
"पोचली का पोरगी?"
"पोचली."
थोडा वेळ नुसता त्याचा श्वास.
मग म्हणाला,
"झोल किती, साहेब?"

म्हटलं, आहे.
राहू द्या थोडा.